होमब्रू स्पर्धेत स्टुअर्ड म्हणून जायचंय, नेमकं काय करावं लागतं?

यीस्टवेडी:

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. घरी बिअर बनवते, बऱ्यापैकी जमतं आता, म्हणजे ओतली की लोक ग्लास संपवतात एवढं नक्की. आमच्या ब्रूइंग क्लबची स्पर्धा आहे, ग्रुपवर मेसेज आला की स्टुअर्ड (जज म्हणजे परीक्षकांच्या टेबलावरचे मदतनीस) कमी पडतायत, आणि मी उत्साहात हात वर केला. आता बसून विचार करतेय की हात नक्की कशासाठी वर केला :)

को-ऑर्डिनेटरला विचारलं तर म्हणाला, "काही नाही हो, बाटल्या न्यायच्या, ग्लास द्यायचे, सोप्पंय." एवढंच असेल तर उत्तमच, पण मग स्टुअर्डसाठी वेगळी मीटिंग कशाला ठेवलीय? स्टाइल गाइडलाइन्स (कुठल्या प्रकारची बिअर कशी असावी त्याचे निकष) पाठ लागतात का, जज लोकांशी बोललेलं चालतं का, की गप्प उभं राहायचं, चव घ्यायला मिळते का (हा प्रश्न मजेत विचारलेला नाही), आणि मुख्य म्हणजे माझी एक सेझॉन (बेल्जियन प्रकारची बिअर) आणि एक पोर्टर (गडद बिअर) स्पर्धेत उतरलीय, तर मी त्याच हॉलमध्ये असणं बरं दिसतं का? शिवाय कोणीतरी म्हणालं की याचे पॉइंट मिळतात आणि पुढे जज होताना कामी येतात. खरंय का ते?

तळघरवाला:

को-ऑर्डिनेटर खोटं बोलला नाही, फक्त अर्धंच बोलला. बाटल्या न्यायच्या हे खरंच, पण कुठली बाटली, कधी, कुठल्या टेबलावर, आणि तिच्याबरोबर कुठला कागद, यात सगळं काम आहे. मी बहुतेक वेळा कोल्ड रूमच्या बाजूला असतो म्हणजे बाटल्या लावणं, थंड ठेवणं, टेबलांना पुरवणं, तर तिकडून सांगतो.

बाटली येते तेव्हा तिच्यावर एन्ट्री नंबर असतो, तो काढून जजिंग नंबर लावतात, परीक्षेतल्या सीट नंबरसारखं. लेबल असेल तर सोलायचं, झाकणावर काही छापलेलं असेल तर काळ्या मार्करने बुजवायचं. म्हणून जजच्या टेबलावर जे पोचतं ते नुसती तपकिरी बाटली आणि एक आकडा. आता त्या आकड्याचं बघा, तो बाटलीवर असतो, पुल शीटवर (टेबलावर जाणाऱ्या बाटल्यांची यादी) असतो, कव्हर शीटवर (एका बिअरच्या सगळ्या शीटांवर लावायचा कागद) असतो आणि प्रत्येक जजच्या स्कोअरशीटवर असतो. एका बिअरला निदान दोन जज, म्हणजे दहा बिअरची फ्लाइट (एका जोडीने एका बैठकीत तपासायचा गट) असेल तर वीस स्कोअरशीट झाल्या, आणि त्यातली एक जरी चुकीच्या कव्हर शीटला लागली तर कोणाच्या तरी स्टाउटला "फळाचा वास छान, पण गहू जाणवत नाही" असा शेरा घरी पोचतो. हे इतकं सहज होतं की विचारू नका. बाटली टेबलावर ठेवताना नंबर मोठ्याने वाचायचा, जज तो लिहितात तेव्हा एक नजर टाकायची, आणि कागद गोळा करताना परत बघायचा. तीनदा बघणं जरा येडपट वाटतं, वाटू द्या.

दुसरं म्हणजे तापमान. लोकांना वाटतं थंडगार आणली की झालं. लागर प्रकारच्या बिअरना चालेल, चार ते सात डिग्रीला ठीक असतात, पण बार्लीवाइन किंवा इंपिरियल स्टाउट तशी गारठलेली दिली तर वासच उठत नाही, जज हाताच्या ऊबेने ग्लास धरून बसतात आणि दहा मिनिटं फुकट. अशा दणकट बिअर दहा-बारा डिग्रीपर्यंत येऊ द्यायच्या, म्हणजे फ्लाइट सुरू होण्याआधी थोडं बाहेर काढून ठेवायच्या. याउलट अख्खी फ्लाइट एकदम टेबलावर मांडून टाकायची नाही, शेवटच्या पिल्सनरपर्यंत पोचेस्तोवर ती कोमट झालेली असते. दोन-तीन दोन-तीन करत आणा. क्रम हेड जज सांगतो, साधारण हलक्यापासून जड, कडवट आणि जास्त अल्कोहोलवाल्या शेवटी.

आणि प्लीज, बाटल्या खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. तपकिरी काच बरंच वाचवते, पण कोणी हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत पाठवली असेल, किंवा ओतलेला ग्लास उन्हात राहिला, तर हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडाने फुटतात आणि तो घाणेरडा स्कंकसारखा वास काही मिनिटांत तयार होतो. बिचाऱ्या ब्रूअरचा काही दोष नसताना मार्क जातात.

तुमच्या एन्ट्रीबद्दल: हॉलमध्ये असायला हरकत नसते, जजसुद्धा एन्ट्री टाकतातच, फक्त ज्या कॅटेगरीत आपली बिअर आहे तिथे जज करायचं नाही. स्टुअर्डनेही तोच नियम पाळलेला बरा. हेड स्टुअर्डला आधीच सांगून ठेवा की मला या या टेबलावर टाकू नका, आणि फक्त त्यालाच सांगा, चारचौघांत नको. पोर्टर तुम्ही नक्की कशात टाकलीय, १३सी की २०ए (स्टाइल गाइडलाइन्समधले प्रकारांचे नंबर)? इंग्लिश पोर्टर आणि अमेरिकन पोर्टर वेगळ्या कॅटेगरीत येतात त्यामुळे "पोर्टर" एवढंच सांगून भागणार नाही. आणि नंबर बदलण्याच्या दिवशी, म्हणजे सॉर्टिंगला, तुम्ही जाऊ नका, तिथे जुना नंबर नवा नंबर दोन्ही समोर दिसतात.

कडू_बाजू:

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणजे जज करतो. वर तळघरवाल्यांनी कागद आणि तापमान सांगितलंच, मी नाकाबद्दल बोलतो.

पन्नासातले १२ मार्क वासाला, ३ दिसण्याला, २० चवीला, ५ माउथफीलला (तोंडात कशी लागते त्याला) आणि १० एकूण कशी वाटली त्याला असतात. चवीतलं पण निम्मंअधिक काम नाकच करतं. त्यामुळे स्टुअर्ड परफ्यूम मारून आला, किंवा हँड क्रीम लावलेल्या हाताने ग्लास धरून दिले की आमचं डोकं फिरतं, कारण पुढच्या प्रत्येक बिअरमध्ये लव्हेंडर. सुगंधी साबणाने हात धुणं, वासाचा सॅनिटायझर, आत्ताच सिगरेट ओढून येणं, शेजारच्या टेबलावर कॉफीचा मग ठेवणं, हे सगळं टाळा. पेन्सिलसुद्धा मेकॅनिकल द्या, लाकडी पेन्सिल नाकाजवळ आली की देवदारासारखा वास येतो आणि मग एखादा नवखा जज "ओक एजिंग जाणवतं" लिहून मोकळा होतो. हसू नका, खरं सांगतोय.

बोलण्याचं म्हणाल तर बोला की, पण बिअरबद्दल नको आणि त्या टेबलासमोर तर मुळीच नको. "ही मघाशी शेजारच्या टेबलावर फार आवडली" असलं वाक्य म्हणजे विषच. तोंडही वाकडं करायचं नाही, बाटली उघडल्यावर तुम्हाला बटरचा वास आला आणि तुम्ही नाक मुरडलंत की आम्हाला डायअसेटिल (बटरसारख्या वासाचा दोष) "सापडणारच". तुमचं मत आम्हाला नको असतं असं नाही, फ्लाइट संपली की हवं तेवढं विचारा, आम्हाला तर बोलायचीच हौस असते.

एन्ट्रीबरोबर ब्रूअरने जादा माहिती दिलेली असते, कुठलं फळ, कुठला मसाला, कुठली बेस स्टाइल, ती पुल शीटवर छापलेली असते. ती आम्हाला बिअर ओतायच्या आधी मिळायला हवी. अर्धी बिअर तपासून झाल्यावर कळतं की यात चेरी होती, मग खाडाखोड सुरू. आणि त्यात सुकामेवा वगैरे ॲलर्जीचं काही लिहिलेलं असेल तर ते आधी वाचून दाखवा, विचारायची वाट बघू नका.

निरुत्साही_नंदू:

सगळे इतकं गोड बोलतायत म्हणून मी जरा पाणी ओततो. स्टुअर्ड म्हणजे फुकटात राबणारा माणूस, हे आधी मान्य करून जा म्हणजे निराशा होत नाही. दिवसभर उभं, पाय दुखतात, बादल्या ओता, उष्टे ग्लास गोळा करा, आणि बक्षीस समारंभात आभार मानताना "आणि सर्व स्टुअर्ड" एवढा उल्लेख. लोक म्हणतात खूप शिकायला मिळतं. मला तर दोन टेबलं दिली होती, एकीकडून दुसरीकडे पळण्यात दिवस गेला, जज काय बोलतायत ते कानावर पडलंच नाही. शिकायचं असेल तर त्यापेक्षा घरी चार माणसं जमवून, चार बाटल्या उघडून, स्कोअरशीट भरा.

तळघरवाला:

नंदूशेठ, दोन टेबलं एका स्टुअर्डला देणं ही आयोजकांची कंजुषी आहे, कामाचा दोष नाही. बरं, यीस्टवेडी ताई, यातून एक घ्या: आधीच विचारा किती टेबलं आणि जजिंग कुठल्या पद्धतीचं. साध्या पद्धतीत एका जोडीला ठरलेली फ्लाइट असते आणि स्टुअर्ड त्यांच्याजवळच असतो. क्यू पद्धतीत एका कॅटेगरीच्या सगळ्या बिअर एका रांगेत असतात, ज्या जोडीचं आधी संपलं ती रांगेतली पुढची उचलते, त्यामुळे मंद जोडीसाठी बाकीचे खोळंबत नाहीत. तिथे स्टुअर्डला सगळ्या जोड्यांवर लक्ष ठेवावं लागतं, कोण मोकळं झालं, पुढची कुठली, झालेली कुठली, आणि ऐकत बसायला तसा वेळ नाही मिळत. दमवणारं आहे पण अख्खी कॅटेगरी कशी चाललीय ते तुम्हालाच सगळ्यात नीट दिसतं, जजला फक्त आपल्या समोरच्या दिसतात.

कडू_बाजू:

नंदूंच्या पाय दुखण्याशी सहमत, बाकीशी नाही. घरी चार जण जमतात तेव्हा सगळे मित्र असतात आणि बिअर आपली असते, कोण सांगणार की मक्याच्या कणसासारखा वास येतोय, डीएमएस (तशा वासाचं गंधकाचं द्रव्य) आहे, उकळताना झाकण ठेवलं होतंस ना? इथे दोन अनोळखी माणसं एकाच ग्लासावर वाद घालतात. एक म्हणतो कच्च्या सफरचंदाचा वास, म्हणजे बिअर अजून कच्ची आहे, यीस्टला वेळ दिला नाही. दुसरा म्हणतो छे, हे फळ यीस्टनेच आणलंय आणि या स्टाइलमध्ये चालतं. मग दोघं परत हुंगतात. तो संवाद कानावर पडणं हीच स्टुअर्डची कमाई. शांत टेबल मिळालं तर जजला सुरुवातीलाच सांगा की मला शिकायचंय, तुम्ही झाल्यावर उरलेली चाखू का. बहुतेक जण हो म्हणतात, काही तर स्वतःच छोटा ग्लास पुढे करतात.

यीस्टवेडी:

बापरे, एवढी उत्तरं! धन्स सगळ्यांना. नंदूदादा तुमचंही पटलं, बूट आरामाचेच घालणार. पोर्टर १३सी आहे, सेझॉन २५बी, दोन्ही टेबलांपासून लांब ठेवायला सांगते.

अजून दोन विचारते. एक, बाटली उघडल्यावर फेसाचा फवारा उडाला तर? माझ्याच घरी सेझॉनने एकदा छत रंगवलंय. दोन, दोन जजचे मार्क खूपच लांब असतील, म्हणजे समजा एकाचे ३८ आणि दुसऱ्याचे २७, तर मी काही बोलायचं का? मी आपली साधी मदतनीस, ते अनुभवी.

हॉपळलेला:

फवाऱ्याचं मी सांगतो, त्यात माझी पीएचडी आहे. सेझॉनचे बरेच यीस्ट स्ट्रेन आणि ब्रेट (एक जंगली यीस्ट) वगैरे असले की साखर संपलीच नाही असं समजून बाटलीत खात बसतात, दाब वाढत जातो. आंबट, फळवाल्या, ब्रेट टाकलेल्या कॅटेगरीत बादली टेबलाखाली नाही, हाताशी ठेवायची. नीट थंड असेल तर गॅस बिअरमध्ये जास्त विरघळून राहतो म्हणून अशा बाटल्या जरा जास्तच गार द्या. बाटली हलवत, मिरवत आणायची नाही. झाकण एकदम उडवू नका, ओपनरने किंचित उचलायचं, सूंऽऽ आवाज येऊ द्यायचा, मग पुढे. तोंड बादलीकडे, जजकडे नको आणि स्वतःकडे तर नकोच. फेस आलाच तर रिकामे ग्लास तयार ठेवा आणि पटापट ओता, जजना वास घ्यायला तेवढं पुरतं. तरी बाटलीतली सगळी गेली तर दुसरी बाटली मागवायची का हे हेड जज ठरवतो, तुम्ही परस्पर आणायची नाही कारण ती दुसरी पुढच्या फेरीसाठी राखलेली असते.

बाटलीतच कार्बोनेट केलेल्या बिअरच्या तळाशी यीस्टचा थर असतो म्हणून बाटली कायम उभीच, आडवी ठेवायची नाही. गव्हाच्या बिअरमध्ये तो गढूळपणा हवासा असतो, बाकी ठिकाणी नको. काही स्पर्धांत स्टुअर्ड ओततो, काहींत जजच ओततात, मीटिंगमध्ये हे विचारून घ्या. ओतायचं असेल तर सगळ्यांना एकाच झटक्यात एका मागोमाग ओता, बाटली परत परत उभी-आडवी केली की तळाचा गाळ वर येतो आणि शेवटच्या जजला वेगळीच बिअर मिळते.

कडू_बाजू:

मार्कांचं: हो, बोलायचं. साधारण अपेक्षा अशी की जजच्या मार्कांत सातपेक्षा जास्त फरक नको, ३८ आणि २७ म्हणजे एक जण एक्सलंट म्हणतोय (३८ ते ४४) आणि दुसरा गुड (२१ ते २९), मधला व्हेरी गुडचा पट्टाच दोघांनी ओलांडलाय. ब्रूअरने काय समजायचं? पण तुम्ही बिअरबद्दल काही बोलायचं नाही, फक्त "सर, हे दोन आकडे जरा लांब आहेत" एवढंच. आम्ही बोलून जवळ येतो आणि मग कव्हर शीटवर एक एकमताचा आकडा लिहितो.

बेरीज पण तपासा, खरंच तपासा. सहाव्या-सातव्या बिअरनंतर जज मंडळींचं गणित कसं होतं ते मी सांगायला नको. दर बिअरला ६०-७० मिली धरली तरी दहा बिअर म्हणजे अर्ध्या लिटरच्या वर जातं, आणि त्यात ९-१० टक्केवाल्या असतात. म्हणूनच पाणी आणि साधा ब्रेड टेबलावर कमी पडू द्यायचा नाही, टाकाऊ बिअरची बादली वेळेवर रिकामी करायची. आणि १३ च्या खाली मार्क दिसले तरी विचारा, कितीही बिघडलेली असली तरी सौजन्य म्हणून १३ च्या खाली न जाण्याची पद्धत आहे.

शीट गोळा करताना बघायच्या गोष्टी: जजचं नाव, नंबर, बेरीज, आणि शेऱ्याच्या जागा रिकाम्या तर नाहीत ना. रिकामी जागा दिसली तर परत द्या, लाजू नका. पैसे भरून बाटल्या पाठवणाऱ्याला तेवढाच तर कागद मिळतो.

पॉइंटमास्तर:

पॉइंटचं कोणी बोललंच नाही म्हणून. स्पर्धा बीजेसीपीकडे (बिअर जजची परीक्षा घेऊन रँक देणारी संस्था) नोंदवलेली असेल तरच पॉइंट, ते आधी खात्री करा. स्टुअर्डला दिवसाला अर्धा पॉइंट आणि एका स्पर्धेत फार तर एक. तो नॉन-जजिंग अनुभव म्हणून धरला जातो आणि वरच्या रँकसाठी लागणाऱ्या पॉइंटांत निदान निम्मे तरी जजिंगचे लागतात, म्हणजे नुसत्या बाटल्या वाहून कोणी नॅशनल जज होत नाही. एकाच स्पर्धेत जज आणि स्टुअर्ड दोन्हीचे मिळत नाहीत हेही लक्षात ठेवा.

जज व्हायचंच असेल तर आधी ऑनलाइन एन्ट्रन्स परीक्षा, ६० मिनिटांत १८० प्रश्न, म्हणजे विचार करायला वेळच नाही, एक तर येतं किंवा येत नाही. ती पास झाल्यावर चव घेण्याची परीक्षा, ९० मिनिटांत सहा बिअर, प्रत्येकीची पूर्ण स्कोअरशीट भरायची. त्या दुसऱ्या परीक्षेसाठी स्टुअर्डगिरी फार उपयोगी पडते असं माझं मत, कारण भरलेल्या चांगल्या आणि वाईट स्कोअरशीट डझनावारी हातातून जातात आणि कुठला शेरा कामाचा, कुठला नुसता भरताड, ते आपोआप कळायला लागतं.

निरुत्साही_नंदू:

हे मात्र मान्य. "छान बिअर, आवडली" लिहून ३१ देणारे जज मीही बघितलेत.

तळघरवाला:

बेस्ट ऑफ शो, म्हणजे सगळ्यात चांगली बिअर निवडायची शेवटची फेरी, राहिली. संध्याकाळी सगळ्या कॅटेगरीतल्या पहिल्या आलेल्या बिअर एकत्र येतात, तिथे मार्क नसतात, स्कोअरशीट नसते, जज सगळ्या समोर मांडून चर्चा करत एकेक बाजूला काढत जातात. स्टुअर्डसाठी सगळ्यात टेन्शनचा आणि सगळ्यात बघण्यासारखा भाग तोच, कारण एकदम ढीगभर बाटल्या उघडायच्या, प्रत्येक जजच्या प्रत्येक ग्लासावर नंबर हवा, आणि सगळ्या थोड्याच वेळात ओतल्या गेल्या पाहिजेत नाहीतर पहिल्या मरून जातात. यासाठीच दुसरी बाटली राखून ठेवतात, आणि म्हणूनच दिवसभरात कोणी "एक तर उघडू, कोणाला कळतंय" म्हणालं तर ठाम नाही म्हणायचं. ताई, जमलं तर त्या टेबलावर ड्यूटी मागून घ्या, फक्त तुमची पोर्टर तिथे पोचली तर मात्र आपणहून बाजूला व्हा. कळेल कसं म्हणाल, तर कॅटेगरीचा नंबर ग्लासावर असतोच, १३सी दिसलं की ती तुमची असू शकते एवढं पुरे.

यीस्टवेडी:

पोचली तर मी बाजूला नाही, बेशुद्ध होईन :D

बरं, शेवटचं, घरून काय काय नेऊ?

हॉपळलेला:

एक ओपनर, दोन जुने टॉवेल, काळा मार्कर, छोटा कॅल्क्युलेटर (मोबाइल चालतो, पण ओल्या हातांनी वैताग येतो), स्टेपलर. पोटभर खाऊन जा. आणि स्वतः पिणार असाल तर गाडी घरी ठेवा, शेवटी आवराआवर करताना उरलेल्या बाटल्या सगळ्यांना वाटतात आणि तेव्हा नाही म्हणणारा स्टुअर्ड मी अजून पाहिलेला नाही.

तळघरवाला:

ओपनर दोन न्या. एक कुठलातरी जज खिशात घालून जातो.

कडू_बाजू:

आरोप मान्य नाही. पण दोन न्या.